वैनगंगा बंद करायची की पैनगंगा?

दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये एक सर्व्हर, आर्णीच्या पतसंस्थेत दुसरा, घाटंजीच्या कॉलेजात दोन. सांभाळणारा माणूस एकच, तोही घरच्या लॅपटॉपवरून. अशा कामात मोठं नुकसान बहुधा चुकीच्या कमांडने होत नाही, बरोबर कमांड भलत्याच मशिनवर दिल्याने होतं.

म्हणून सुरुवात मशिनच्या नावापासून. 'टॅली-सर्व्हर' असं नाव नको. पुढे टॅली दुसऱ्या मशिनवर जातं, नाव मात्र तिथेच राहतं. संगणकांची नावं कशी ठेवावीत यावर १९९० साली निघालेल्या आरएफसी ११७८ या इंटरनेटविषयक टिपणातही मशिनवरच्या प्रकल्पाचं नाव देऊ नका, असंच सांगितलंय. नद्या बऱ्या: बेंबळा, अडाण, वेणा. पण वैनगंगा आणि पैनगंगा एकाच यादीत नकोत. रेंज तुटत असताना फोनवर 'पैनगंगा बंद करून चालू कर' म्हटलं, तर पलीकडचा कोणती बंद करेल याचा भरवसा नाही. होस्टनेम (मशिनमध्ये नोंदवलेलं नाव), डब्यावरची चिठ्ठी आणि यूपीएसच्या वायरीवरची पट्टी, तिन्हीकडे नाव एकच हवं.

बऱ्याच राउटरचा पत्ता मुळातच १९२.१६८.१.१ असतो. सगळीकडे तोच राहू दिला, तर व्हीपीएन (इंटरनेटवरून दूरच्या नेटवर्कला जोडणारा खासगी मार्ग) जोडूनही आर्णीचा सर्व्हर सापडत नाही. लॅपटॉपला तो पत्ता घरातलाच वाटतो आणि तो डेटा व्हीपीएनकडे पाठवतच नाही. दारव्ह्याला १०.११.०, आर्णीला १०.१२.०, घाटंजीला १०.१३.० अशा आकड्यांनी सुरू होणारं वेगळं नेटवर्क द्या. नंबरावरून गाव ओळखता येतं.

हे पत्ते पाठ करायचे नाहीत. एसएसएच (दूरच्या मशिनवर कमांड देण्याचं सुरक्षित साधन) याच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक नावापुढे पत्ता, युझर आणि कोणती 'की' (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली-फाइल) वापरायची ते लिहा. ती कॉन्फिग फाइल गिटमध्ये (फाइलमधले बदल जपून ठेवणाऱ्या साधनात) ठेवा, पासवर्ड मात्र तिथे कधीच नको. पतसंस्थेच्या मशिनचा प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायच्या ओळीची सुरुवात) लाल करा. मशिनवर डेबियन किंवा उबंटू लिनक्स असेल तर मॉली-गार्ड हे पॅकेज जरूर टाका: एसएसएचवरून रीबूट करताना ते आधी मशिनचं नाव टाइप करायला लावतं.

राहिलं घड्याळ. लाइन गेली, यूपीएसही बसला आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असला, की तारीख काही वर्षं मागे जाऊ शकते. मग सर्व्हरची ओळख पटवणारी चांगली सर्टिफिकेटं 'अजून लागू नाहीत' म्हणून नाकारली जातात. सेल बदला आणि क्रोनी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा. बॅकअपसाठी घेतलेला क्लाउड सर्व्हर बहुतेकदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आर्णीत रात्री २:१० ला तुटलेल्या बॅकअपची नोंद तिथे आदल्या तारखेच्या २०:४० ला शोधावी लागते.