मांडीत टोचून घेतलेलं प्लास्टिक

जॉन चार्नली हे इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद. खुब्याचा सांधा बदलण्याची आजची शस्त्रक्रिया मुख्यतः त्यांनी घडवली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सांध्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं. गुळगुळीत, निसरडं, कशाशीही रासायनिक अभिक्रिया न करणारं असं ते द्रव्य. शरीरात बसवायला याहून निरुपद्रवी काय असणार? सुरुवातीला रुग्ण आनंदाने चालू लागले. दोन-तीन वर्षांत मात्र वाट्या झिजल्या, आणि झिजेतून निघालेल्या भुकटीभोवती ऊतींच्या गाठी धरू लागल्या. सांधे पुन्हा उघडावे लागले.

१९६२मध्ये चार्नलींच्या हाती पॉलिएथिलीनचा एक चिवट प्रकार आला. या खेपेला रुग्णांच्या आधी त्यांनी स्वतःवर प्रयोग केला. टेफ्लॉन आणि पॉलिएथिलीन या दोन्हींची भुकटी त्यांनी स्वतःच्याच मांडीत टोचून घेतली आणि वाट पाहिली. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागणाऱ्या गाठी झाल्या होत्या, पॉलिएथिलीनच्या जागी जवळपास काहीच नव्हतं. पॉलिएथिलीनची वाटी रूढ झाली आणि लक्षावधी लोक त्यावर चालले.

पुढे कळलं की पॉलिएथिलीनही अगदीच निर्दोष नव्हतं. बसवल्यावर बऱ्याच वर्षांनी काही रुग्णांमध्ये कृत्रिम सांध्याभोवतीचं हाड विरघळू लागलं. आधी याचा दोष सांधा पक्का करणाऱ्या सिमेंटवर गेला; ‘सिमेंटचा आजार’ असं नावही पडलं. पण सिमेंट न वापरलेल्या सांध्यांतही तेच दिसू लागलं. खरं कारण होतं झीज. वाटीतून सुटणारे मायक्रॉनभर (म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या) आकाराचे कण भक्षकपेशी गिळत. या पेशी जिवाणू गिळून पचवतात, पण प्लास्टिक पचवणारं विकरच त्यांच्याकडे नाही. मग त्या दाह निर्माण करणारे संदेश सोडत राहतात, आणि त्या संदेशांनी चेतवलेल्या दुसऱ्या पेशी शेजारचं हाड खाऊ लागतात.

मायक्रोप्लास्टिकबद्दल बोलताना हा इतिहास फारसा कुणी काढत नाही, याचं मला नवल वाटतं. प्लास्टिकचे कण आणि माणसाचं शरीर यांची गाठ पडली की काय होतं, याचा साठ वर्षांचा अनुभव शल्यविशारदांकडे आहे. एकसंध तुकडा शरीर निमूटपणे सांभाळतं, त्याच द्रव्याची भुकटी मात्र त्याला सहन होत नाही. कण किती लहान आहेत आणि किती आहेत, यावर सगळं ठरतं. अर्थात सांध्यात कण थेट आतच तयार होतात, तेही प्रचंड संख्येने. अन्न, पाणी आणि हवेतून आपल्यात किती कण शिरतात आणि त्यातले किती आत टिकतात, हा वेगळा प्रश्न आहे. गोंधळ आहे तो तिथे.

‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ झाला तो ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४मधल्या शोधनिबंधामुळे. पाच मिलिमीटरहून लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. ही व्याख्या समुद्रकिनाऱ्यासाठी ठीक, आरोग्यासाठी फार ढोबळ. सुमारे १५० मायक्रॉनहून मोठा कण आतड्याची भिंत ओलांडत नाही, तो आला तसा मलावाटे जातो. चिंता आहे ती काही मायक्रॉनच्या कणांची, आणि त्याहून अधिक एका मायक्रॉनच्या आतल्या नॅनोप्लास्टिकची. नेमकं तेच मोजायला सर्वांत कठीण. २०२४मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लेझरवर आधारित नवं तंत्र वापरून बाटलीबंद पाणी तपासलं, तेव्हा लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण निघाले, आणि त्यातले ९० टक्के नॅनो होते. आधीच्या मोजणीत ते दिसतच नव्हते.

मोजणी किती घसरू शकते याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढं, म्हणजे पाच ग्रॅम प्लास्टिक आपण खातो’ हे २०१९पासून फिरणारं वाक्य. २०२१मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी अन्न, पाणी, हवा यांतल्या कणांच्या आकारांचा नीट हिशेब मांडला. आकडा आला आठवड्याला साधारण चार मायक्रोग्रॅम. म्हणजे पाच ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. एका मायक्रॉनहून लहान कण या हिशेबात नव्हते हे खरं, पण दहा लाख पटींची तफावत तेवढ्याने भरून निघणार नाही.

आता हा आकडा हाताशी ठेवून बाकीच्या बातम्या वाचून पाहा. २०२२मध्ये ॲम्स्टरडॅममधल्या गटाने २२ रक्तदात्यांचं रक्त तपासलं. १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक सापडलं, सरासरी मिलिलिटरला १.६ मायक्रोग्रॅम. अंगात पाच लिटर रक्त धरलं तर हे झाले आठ मिलिग्रॅम. आठवड्याला चार मायक्रोग्रॅम पोटात जात असतील, तर एकही कण बाहेर न टाकता एवढं रक्तात साठायला सुमारे अडतीस वर्षं लागतील. २०२५मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या गटाने मृतांच्या मेंदूतल्या प्लास्टिकचं प्रमाण प्रसिद्ध केलं, आणि ‘मेंदूत चमचाभर प्लास्टिक’ हा मथळा जगभर गेला. तो चमचा सुमारे सात ग्रॅमचा होता. त्याच वेगाने सात ग्रॅम साठायला तीस हजारांहून अधिक वर्षं हवीत! यातला कुठलातरी एक आकडा जबर चुकला आहे.

कुठला, याबद्दल संशोधकांमध्ये वाद आहे, आणि वादाचं मूळ तंत्रात आहे. रक्तातलं किंवा मेंदूतलं प्लास्टिक मोजण्यासाठी नमुना प्रचंड तापवून त्याच्या वाफेतल्या रेणूंचे तुकडे ओळखतात. पॉलिएथिलीन तापवलं की कार्बनच्या लांब साखळ्यांचे तुकडे निघतात. अडचण अशी की चरबी तापवली तरी बरेचसे तेच तुकडे निघतात, आणि पाणी वगळलं तर मेंदूचा निम्म्याहून अधिक भाग चरबीचा असतो. नमुन्यातली चरबी आधी नीट काढली गेली नाही, तर मेंदूचीच चरबी प्लास्टिक म्हणून मोजली जाते. मेंदूच्या त्या अभ्यासावर इतर रसायनशास्त्रज्ञांनी हाच आक्षेप घेतला आहे. शिवाय प्रयोगशाळेतले हातमोजे, नळ्या, डबे, हवेत उडणारे कपड्यांचे तंतू, सगळं प्लास्टिकच. मेंदूत प्लास्टिक मुळीच नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण चमचाभराच्या आकड्यावर मी तरी झोप उडवून घेणार नाही.

एका अभ्यासाकडे मात्र मी अधिक गंभीरपणे पाहतो. इटलीतल्या डॉक्टरांनी मानेतल्या रोहिणीत साचलेला मेदाचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या रुग्णांचा माग ठेवला. २५७ जणांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिएथिलीन सापडलं. सरासरी ३४ महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी घडलं ते प्लास्टिक न सापडलेल्यांपैकी ७.५ टक्क्यांना आणि सापडलेल्यांपैकी २० टक्क्यांना. वय, मधुमेह वगैरे फरक हिशेबात धरल्यावर धोका साडेचार पट निघाला. २०२४मध्ये हे प्रसिद्ध झालं. भक्षकपेशींच्या आत कण दिसले, दाहाच्या खुणाही जास्त होत्या; सांध्यांतल्या अनुभवाशी हे जुळतं. पण प्लास्टिकमुळे झटका आला, असं यावरून सिद्ध होत नाही. आजारी, गळक्या रोहिणीत कण अधिक अडकत असतील, तर आजार आधी आणि प्लास्टिक नंतर. इतर देशांत, इतर रुग्णांवर हाच अभ्यास पुन्हा झाल्याशिवाय निर्णय देता येणार नाही.

कणांबाबत असं सगळं अधांतरी असताना, प्लास्टिकमधल्या रसायनांबाबत पुरावा कितीतरी पक्का आहे. चर्चा कणांची अधिक होते, कारण कणाचा फोटो काढता येतो. २०२४च्या एका मोठ्या आढाव्यानुसार प्लास्टिकमध्ये वापरली जाणारी किंवा सापडणारी रसायनं १६,०००हून अधिक आहेत, त्यातली किमान ४,२०० घातक. त्यातली बरीचशी प्लास्टिकच्या मूळ रेणूंच्या साखळीला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. ऊब, तेल, काळ यांनी ती सुटतात.

बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, याचं चरित्र यात सर्वांत बोलकं. कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात असलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांना १९३६मध्येच आढळलं की हा रेणू स्त्री-संप्रेरकासारखा वागतो. औषध म्हणून तो फिका पडला, कारण त्यांच्याच गटाने १९३८मध्ये त्याहून जोरकस कृत्रिम इस्ट्रोजेन, डीईएस, शोधलं. ते गर्भवतींना पुढे वर्षानुवर्षं दिलं गेलं, आणि त्यांच्या मुलींमध्ये योनीचा दुर्मिळ कर्करोग आढळल्याचं १९७१मध्ये उघड झालं. बीपीए तेवढ्यात दुसऱ्या धंद्याला लागलं होतं. १९५०च्या दशकापासून ते कडक पारदर्शक प्लास्टिकात आणि अन्नाच्या डब्यांच्या आतल्या लेपात जाऊ लागलं. संप्रेरकासारखं वागणारा रेणू अन्नाच्या डब्यात घालताना कुणी अडखळलं नाही. २००३-०४मध्ये अमेरिकेत सहा वर्षांवरील लोकांच्या लघवीचे नमुने तपासले, तेव्हा ९३ टक्क्यांत बीपीए सापडलं.

२०२३मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम २०,००० पटींनी खाली आणली. उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशींवरचे परिणाम हा त्याचा मुख्य आधार. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला हे पटलं नाही, तिने मर्यादा त्याच्या हजारपट सैल ठेवली. पण जर्मनांची सैल मर्यादासुद्धा जुन्या मर्यादेच्या विसाव्या हिश्श्याची आहे. २०२५पासून युरोपीय संघात अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदी लागू झाली आहे. मधल्या काळात ‘बीपीए-मुक्त’ लिहिलेल्या कित्येक वस्तूंत उत्पादकांनी बिस्फेनॉल-एस घातलं. रचनेत ते बीपीएचं सख्खं भावंड, आणि प्रयोगांत संप्रेरकांशी तशीच छेडछाड करतं.

थॅलेट हे प्लास्टिक मऊ करणारे पदार्थ. ते पुरुष-संप्रेरकांच्या कामात अडथळा आणतात. डीईएचपी हा त्यातला सर्वांत बदनाम प्रकार, पण रक्तपेढ्यांच्या पिशव्यांमध्ये तोच तांबड्या पेशींचं आवरण टिकवतो आणि साठवलेलं रक्त जास्त दिवस चांगलं ठेवतो. म्हणून तिथून त्याला हटवणं सोपं नाही.

दिलासा असा की बीपीए आणि थॅलेट शरीरात फार टिकत नाहीत. काही तासांत ती लघवीवाटे बाहेर पडू लागतात. रोज सापडतात, कारण रोज नव्याने आत जातात. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांतल्या वीस जणांना तीन दिवस ताजं, प्लास्टिकच्या वेष्टनात किंवा डबाबंद न केलेलं अन्न दिलं, तर लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी घटलं. २०११चा हा छोटासा प्रयोग मला अनेक मोठ्या अहवालांपेक्षा उपयोगी वाटतो.

पीएफएएस कुळातल्या ‘कायमच्या रसायनां’ना हे लागू नाही. न चिकटणाऱ्या तव्यापासून आग विझवणाऱ्या फेसापर्यंत ती पसरली आहेत. कार्बन-फ्लोरिनचा बंध शरीराला तोडता येत नाही, त्यामुळे यांतल्याच पीएफओए या रसायनाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला दोन ते चार वर्षं लागतात, काही भावंडांना त्याहून जास्त. यांच्याबद्दलचा पुरावा माणसांतूनच आला. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या टेफ्लॉन कारखान्यातून पीएफओए आसपासच्या पिण्याच्या पाण्यात मिसळत होतं. न्यायालयीन तडजोडीतून तिथल्या सुमारे ६९,००० लोकांची तपासणी झाली, आणि तीन साथरोगतज्ज्ञांच्या समितीने सहा आजारांशी संभाव्य संबंध नोंदवला: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा व्रणदाह, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला पहिल्या गटात, म्हणजे माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत, टाकलं. तंबाखूचा गट तोच. अर्थात गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याची तीव्रता नाही.

स्वतःपुरतं करण्यासारखं थोडं आहे. प्लास्टिकच्या भांड्यात अन्न गरम करू नये, हे सर्वांत महत्त्वाचं, कारण उष्णतेने कण आणि रसायनं दोन्ही सुटतात. घरातली धूळ ओल्या फडक्याने पुसावी, कारण कपड्यांचे आणि गालिच्यांचे तंतू तिच्यात असतात. पाणी क्षारयुक्त असेल तर उकळल्यावर खाली बसणारा चुना बरेच कण सोबत घेऊन बसतो. निवल्यावर गाळलं की काम झालं. रक्तातलं मायक्रोप्लास्टिक काढून देतो म्हणत भारी शुल्क घेणाऱ्या दवाखान्यांपासून लांब राहावं. रक्तात नेमकं किती आहे हेच ज्यांना मोजता येत नाही, ते काय काढणार?

पण फ्लोरिनयुक्त रसायनांपुढे ओलं फडकं काय करणार? तिथे कायद्याचा आणि बाजाराचा रेटाच लागतो. याच कुळातल्या पीएफओएस या रसायनाचा मुख्य उत्पादक असलेल्या थ्री-एम कंपनीने २००० ते २००२ दरम्यान ते बनवणं थांबवलं, आणि २०१७-१८पर्यंत अमेरिकी जनतेच्या रक्तातलं त्याचं प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक घसरलं. कुणाला आहार बदलावा लागला नाही, गाळणी बसवावी लागली नाही. ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हात जागतिक प्लास्टिक करारासाठी देश जमले. एकूण उत्पादनावर मर्यादा असावी का आणि घातक रसायनांची यादी करारात असावी का, या दोन मुद्द्यांवर तिढा सुटला नाही, आणि बैठक कराराविनाच संपली.