पाणी शिळं होतं का?

लालबागच्या चाळीत आमच्या आजीचा दिवस नळाच्या फुसफुस आवाजाने उजाडायचा. पाणी आलं की पहिलं काम भरण्याचं नसे, ओतण्याचं असे. कालचा तांब्याचा हंडा, कळशी, पिंपाच्या तळाशी उरलेलं, सगळं मोरीत. "शिळं पाणी कोण पिणार?" यावर चर्चा नसायची.

धरणं तळाला गेली की मुंबई महापालिका पाणी जपून वापरायचं आवाहन करते. 2024 मध्ये 30 मेपासून 5 टक्के आणि 5 जूनपासून 10 टक्के पाणीकपात झाली, तेव्हाही केलं. शॉवरऐवजी बादली घ्या, गाडी ओल्या फडक्याने पुसा, पेल्यात लागेल तेवढंच पाणी घ्या. यात समजावण्यासारखं फारसं नाही. पण अशा आवाहनांत एक वाक्य हमखास असतं: पाणी शिळं होत नाही, आदल्या दिवशीचं ओतून देऊ नका. हे वाक्य मला नेहमी थांबवतं, कारण ते थेट आजीशी भांडतं. आणि खरं सांगायचं तर दोघंही अर्धेच बरोबर आहेत.

ओतलेलं पाणी येतं कुठून, ते आधी बघू. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं शंभरेक किलोमीटरवर, आणि पाणी बहुतेक वाट उतारानेच चालत येतं. (याच धरणांच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात. ते बघितल्यावर मोरीत हंडा उपडा करताना हात अडखळतो.) भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत तुरटीच्या जातीचं रसायन घालून गाळ खाली बसवतात, मग वाळूतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन सोडतात. जंतू मारून झाल्यावरही थोडा क्लोरीन पाण्यात मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो, वाटेत काही शिरलं तर त्याचा समाचार घ्यायला. घरच्या नळाशी तो लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम तरी उरलेला असावा, असं भारतीय मानक सांगतं. नळाच्या पाण्याला 'औषधाचा वास' येतो, तो याचाच.

भरून ठेवलेल्या पाण्यातला हा क्लोरीन हळूहळू संपतो. रात्रीत वास जातो, म्हणजे पहारेकरी घरी गेला. पण पहारा उठला म्हणून लगेच चोरी होते असं नाही. शुद्ध केलेल्या पाण्यात जंतूंना खायला फार थोडं असतं. घासलेलं भांडं, वर घट्ट झाकण, एवढं असेल तर एका रात्रीत त्या पाण्याचं काही बिघडत नाही. बिघडवतो आपला हात. पेला बुडवताना बोटं पाण्याला लागली की पोटाचे आजार पसरवणारे जिवाणू आत उतरतात, आणि त्यांना अडवायला आता कोणी नसतं. पाण्याचं वय किती, यापेक्षा ते काढलं कसं याला जास्त महत्त्व आहे.

तांब्याच्या हंड्याची तर गंमतच. तांब्याचे सूक्ष्म अंश पाण्यात उतरतात, आणि रात्रभर अशा भांड्यात राहिलेल्या पाण्यातले जुलाबाचे जिवाणू मरतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. म्हणजे आजी रात्रभर जे पाणी नकळत शुद्ध करत होती, तेच पहाटे ओतून देत होती!

आणि त्या जागी जे 'ताजं' भरायची, ते? मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक तासच येतं. ते बंद झालं की नळवाहिनीतला दाब उतरतो. वाहिनीला कुठे चीर असेल आणि शेजारी गटार असेल, तर एरवी जिथून पाणी बाहेर गळतं, तिथूनच गटाराचं पाणी उलटं आत ओढलं जातं. म्हणून पाणी आल्याबरोबरची पहिली धार सगळ्यात संशयाची. ती गढूळ दिसली तर फरशी पुसायच्या बादलीत धरावी, प्यायच्या हंड्यात नको.

आता दुसरी बाजू, कारण 'शिळं होत नाही' म्हणून पिंप महिनाभर तसंच ठेवलं तर महापालिकेचाच कीटकनाशक विभाग दारात उभा राहील. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठवलेल्या, स्वच्छ पाण्याच्या काठाशी अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून कोरडं करायला सांगतात. नुसतं रिकामं करून मात्र भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. पिंप काथ्याने खसाखसा घासायलाच हवं. एक खातं म्हणतं ओतू नका, दुसरं म्हणतं रिकामं करा. दोघांनी एकाच पत्रकावर लिहिलं तर लोकांचा गोंधळ कमी होईल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमच्या घरी आता रविवार हा पिंपाचा दिवस. शनिवारी रात्रीपर्यंत ते वापरून तळाला आणायचं, उरलेल्या पाण्यात पायपुसणी भिजवायची, मग घासून पालथं घालायचं. प्यायच्या हंड्यावर झाकण, आणि झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं. ते आजीच्याच भांड्यांतलं आहे. ती त्याने लग्नकार्यात आमटी वाढायची.