उजव्या पायाचे गिअर

बेळगावच्या कुठल्याही जुन्या गॅरेजात सुटा भाग हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न एकच असतो: "मेस्त्री, हे बसतंय काय?" उत्तर गाडीच्या वर्षावर ठरतं. 1970 च्या बुलेटला 1990 च्या बुलेटचा गिअर बहुधा बसतो. 2010 च्या बुलेटला मात्र त्याच नावाच्या पंधरा वर्षं जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समधलं एक पिनियनही (लहान दातेरी चाकही) चालत नाही. वीस वर्षांत काही बिघडलं नाही आणि पुढच्या वीस वर्षांत सगळंच तुटलं, ते कसं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

भारतीय लष्करानं 1954 मध्ये 350 सीसीच्या 800 बुलेट मागवल्या आणि 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं. पुढच्याच वर्षी 1 नोव्हेंबरला ते म्हैसूर राज्यात गेलं. (सीमाभागातल्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही.) बुलेटचा गिअरबॉक्स मुळात एन्फिल्डचा नव्हताच. त्या काळी इंग्लंडातल्या बऱ्याच मोटारसायकल कंपन्या इंजिन स्वतः करत आणि गिअरबॉक्स बाहेरून घेत. कुणी बर्मनचा, कुणी अल्बियनचा. बुलेटच्या वाट्याला अल्बियन आला. चार गिअर, उजव्या पायाला; पहिला वर, बाकीचे तीन खाली. शिवाय न्यूट्रल शोधायला टाचेखाली एक वेगळी कांडी. हा गिअरबॉक्स इंजिनच्या पाठीला बोल्टनं जोडलेला, म्हणजे शेजारी असूनही वेगळ्या घरात राहणारा. सगळं गणित या वेगळ्या घराचं आहे. इंजिनला हात न लावता तो अख्खा काढता येतो आणि दुसऱ्या गाडीचा आणून लावता येतो. पुढं 1990 च्या दशकात 325 सीसीची डिझेल बुलेट आली, तिच्याही मागं हाच चार गिअरचा बॉक्स होता.

दुसरं कारण धोरणाचं. लायसन्स राजमध्ये नवं मॉडेल काढणं अवघड आणि जे निघेल ते विकलं जाणारच, मग कंपनी बदल कशाला करेल? इंग्लंडात बुलेट साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. मद्रासला मात्र तीच घडण जवळजवळ तशीच चालू राहिली. आज आपण ज्याला 'सुटे भाग मिळतात' असं कौतुकानं म्हणतो, ते कारखाना जागच्या जागी थांबल्याचं फळ आहे.

अगदीच थांबला होता असंही नाही. हळूहळू इंची आटे जाऊन मेट्रिक आले, तेही एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं. त्यामुळं एकाच गाडीवर दोन्ही जातीचे बोल्ट सापडतात. आमच्याकडचे मेस्त्री अजून सुतात बोलतात. आठ सुतांचा एक इंच. क्लचकडची चेन तीन सुती, मागची पाच सुती. अडीच सुती स्टड (आटे पाडलेली सळई) म्हणजे 5/16 इंच, मापाला 7.94 मिलिमीटर. आठ मिलिमीटरचा नट त्याच्यावर दोन आटे गोडीनं चढतो आणि मग अडकतो, कारण जुन्या सायकल थ्रेडला इंचात 26 आटे आणि मेट्रिक आठच्या नटाला जेमतेम 20. एका दुकानातून 'बुलेटचाच आहे' म्हणून मी घेतलेला नट असाच अडकला. मी जोर लावला, स्टड गेला. मेस्त्री काही बोलले नाहीत. फक्त माझ्या हातातला पाना काढून घेतला.

अल्बियन उघडलेला पाहावा. बाहेरचं झाकण काढलं की रॅचेटची, म्हणजे पायाच्या एका दाबाला एकच गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची, पट्टी दिसते. तिच्या भोकांना लांबट खाच असते, नट सैल करून ती केसभर इकडं-तिकडं सरकवायची. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये गाडी नुसतीच भणभणते, त्या खोट्या न्यूट्रलवर पहिला उपाय हाच. तेवढ्यानं भागलं नाही तर सरकणाऱ्या गिअरच्या डॉगचे (शेजारच्या गिअरात अडकणाऱ्या दांड्यांचे) कोपरे गोल झालेत का, ते अंगठा फिरवून बघतात. बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) गेलं असेल तर बाजारात शोधायचीही गरज नाही. उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर गनमेटलचं बुश कातून मिळतं. फौंड्री आणि मशिन शॉप यांच्या गावात राहण्याचा हा फायदा, आणि अल्बियन इथं इतकी वर्षं टिकण्यात त्याचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. तेलाची गोष्ट वेगळीच: या बॉक्समध्ये मुळात पातळ ग्रीस भरत. तेल घातलं की ते बाहेरची वाट शोधतंच, म्हणून गाडीखाली पुठ्ठा घालायची पद्धत.

स्प्रॉकेटची, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाची, अदलाबदल तर इथला आवडता उद्योग. मागं 38 दात, पुढं 16. पुढचं काढून 17 चं घातलं की गाडी सुमारे सहा टक्के लांब पल्ल्याची होते. निपाणीपर्यंत हायवेला सुख, पण चोर्ला घाटात मागं माणूस बसवलं की सोळाचीच आठवण येते.

याच राज्यातल्या म्हैसूरला 1961 पासून जावा तयार होऊ लागली, 1973 पासून येझदी या नावानं. तिचा गिअर डाव्या पायाला, आणि तीच कांडी आत दाबून वर फिरवली की किक. नवख्याला ही जादूच वाटायची. क्लच न दाबताही गिअर पडे, कारण पाय दाबताच आतली यंत्रणा क्लच सोडवत असे. पण जावाचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात. तिथं अख्खा बॉक्स बदलायचा म्हणजे अख्खं इंजिन बदलायचं. कारखाना 1996 मध्ये बंद झाला. 2018 आणि 2022 मध्ये परत आलेल्या जावा-येझदीत जुन्याचं नाव तेवढं आहे.

राजदूत 175 चे तीन गिअर, 1983 च्या राजदूत 350 चे सहा, 1985 च्या आरएक्स 100 चे चार. जपानी गाड्यांनी डाव्या पायाची सवय लावली. अमेरिकेनं 1975 च्या सुमाराला डावा गिअर सक्तीचा केला, त्यामुळं बाहेरच्या जगात हा प्रश्न तेव्हाच मिटला होता. आपल्याकडं बुलेट पुढं पंचवीसेक वर्षं उजवीच राहिली. खानापूरच्या माझ्या मामांनी पहिल्यांदा डाव्या गिअरची गाडी घेतली, तेव्हा भर बाजारात उजव्या पायानं 'गिअर' टाकला आणि मागचा ब्रेक दाबून गाडी जागच्या जागी उभी केली. मागचा रिक्षावाला कन्नडमध्ये काय म्हणाला, ते मामांनी कधी सांगितलं नाही.

2000 नंतर बुलेटला पाच गिअरचा, डाव्या पायाचा बॉक्स आला. तोही वेगळाच असल्यानं जुन्या इंजिनामागं बसवता येतो. मात्र ब्रेकचं पेडल डावीकडून उजवीकडं न्यावं लागतं आणि त्याच्या सळ्या नव्यानं जुळवाव्या लागतात. खरी फारकत 2008-09 च्या युनिट इंजिनानं झाली. इंजिन-गिअरबॉक्स एका घरात आले आणि अल्बियनचा वंश तिथं संपला. 2020 च्या पुढच्या इंजिनात तर क्लचकडची चेनही गेली, तिथं गिअर आले.

2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. गिअरबॉक्सचं नाव त्यात नाही. तेव्हापासून गॅरेजात वाद चालतो: पाच गिअरचा बॉक्स लावलेली 1968 ची बुलेट मूळची धरायची की नाही? बुलेटवाला म्हणतो, गिअरबॉक्स म्हणजे इंजिन नव्हे, वेगळा आहे बघा. येझदीवाल्याला तसं म्हणता येत नाही. मेस्त्री मात्र पाच गिअरचा बसवून देताना जुना अल्बियन ग्रीस लावून, पोत्यात बांधून गिऱ्हाइकाच्याच हातात देतात.