कळवणं वेगळं, परवानगी वेगळी: अमेरिकेत नोंदणीकृत शस्त्रासह घर बदलताना

समजा, टेक्सासमधल्या डलासहून ॲरिझोनातल्या फीनिक्सला बदली झाली. ट्रक ठरला, मुलांच्या शाळेचे दाखले निघाले, बँकेचा पत्ता बदलला. घरातल्या तिजोरीत दोन वस्तू आहेत: एक आखूड नळीची रायफल आणि एक सायलेन्सर. दोन्ही एटीएफकडे, म्हणजे शस्त्रांचे कायदे राबवणाऱ्या संघराज्याच्या खात्याकडे, रीतसर नोंदवलेल्या. ओळखीतला कुणीतरी सांगतो, "पत्ता बदलल्याचं एक पत्र टाक, झालं काम." सायलेन्सरपुरतं त्याचं बरोबर आहे. रायफलच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर विसंबून निघालात, तर टेक्सासची हद्द ओलांडताक्षणी संघराज्याचा कायदा मोडतो.

घोळ होतो तो इथेच. एटीएफशी दोन वेगवेगळे व्यवहार असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. एक म्हणजे राहता पत्ता बदलल्याचं कळवणं. दुसरा म्हणजे विशिष्ट शस्त्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याची परवानगी मागणं. कळवण्याला उत्तराची वाट पाहावी लागत नाही. परवानगी मात्र हातात पडेपर्यंत शस्त्र जागचं हलवायचं नाही.

आधी हे कोणत्या शस्त्रांना लागू आहे ते पाहू, कारण विनाकारण घाबरणारेही भेटतात. साधं पिस्तूल, शिकारीची नेहमीची रायफल यांची संघराज्य पातळीवर मालकवार नोंदणीच नाही, त्यामुळे घर बदलल्याचं एटीएफला सांगायचा प्रश्न येत नाही. नोंदणी आहे ती १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखालच्या (एनएफए) वस्तूंची: मशीनगन, १६ इंचांहून आखूड नळीची रायफल, १८ इंचांहून आखूड नळीची शॉटगन, हातबॉम्बसारखी विध्वंसक साधनं, सायलेन्सर आणि 'इतर शस्त्रं' या नावाखाली येणारे काही विचित्र प्रकार. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुकांवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला. त्यामुळे आता नोंदणीही उठली, असा काहींचा समज झाला आहे. तो चुकीचा आहे. गेला तो फक्त कर.

आता पहिला व्यवहार. ह्यूस्टनमधलं घर सोडून ऑस्टिनला गेलात, म्हणजे राज्य तेच राहिलं. शस्त्र न्यायला कुणाची मंजुरी लागत नाही. पण नोंदणीच्या फॉर्मवरच्या सूचनांतच लिहिलेलं असतं की नोंदणीधारकाचा पत्ता बदलला तर एटीएफच्या एनएफए विभागाला लेखी कळवायचं. हा विभाग वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला आहे. साधं पत्र चालतं: नाव, जुना पत्ता, नवा पत्ता, शस्त्राचा बनवणारा, मॉडेल, अनुक्रमांक. एक प्रत नोंदणीच्या कागदांबरोबर जपून ठेवावी. नोंदणीचा पुरावा जवळ बाळगणं आणि मागितल्यावर दाखवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पुरावा एका पत्त्याचा आणि माणूस दुसऱ्या पत्त्यावर, असं असेल तर मधला दुवा म्हणून हेच पत्र कामी येतं.

दुसऱ्या व्यवहाराचं मूळ १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये आहे. मशीनगन, विध्वंसक साधन, आखूड नळीची रायफल आणि आखूड नळीची शॉटगन हे चार प्रकार परवानाधारक विक्रेते वगैरे सोडून इतर कुणी पूर्वपरवानगीशिवाय राज्याबाहेर नेऊ नयेत, असं तो कायदा सांगतो. ती परवानगी मागायचा अर्ज म्हणजे फॉर्म ५३२०.२०. शुल्क काही नाही. शस्त्राचं वर्णन, सध्याचा पत्ता, जायचा पत्ता, कारण, तारखा आणि वाहतूक कशाने होणार, एवढं भरायचं. मंजूर झालेली प्रत प्रवासात शस्त्राबरोबर असायला हवी. जिथे जाताय त्या राज्यात ते शस्त्र बाळगणं बेकायदा असेल, तर मंजुरी मिळत नाही. आठवड्याच्या सुट्टीत शेजारच्या राज्यातल्या नेमबाजीच्या मैदानावर जायचं असलं, तरी हाच अर्ज लागतो. त्यामुळे 'घर बदलण्याचा फॉर्म' हे त्याचं बोलीतलं नाव दिशाभूल करतं. पत्त्यापेक्षा राज्याची हद्द इथे महत्त्वाची आहे.

चार प्रकारांच्या त्या यादीत सायलेन्सर नाही, हे लक्षात आलंच असेल. म्हणून फीनिक्सला सायलेन्सर नेताना ५३२०.२० लागत नाही. मात्र 'सायलेन्सरला काही लागत नाही' हे वाक्य तोंडोतोंडी फिरतं आणि त्याच्या नादात पत्त्याचं पत्रही राहून जातं. ते पाठवायचंच. आणि सायलेन्सर कॅलिफोर्निया, न्यू जर्सी किंवा न्यू यॉर्कला न्यायचा विचार असेल तर तो विचारच सोडून द्यावा. एटीएफचा अर्ज लागत नसला, तरी सामान्य नागरिकाने सायलेन्सर बाळगणं त्या राज्यांच्या स्वतःच्या कायद्याने गुन्हा आहे.

आपल्या लोकांचा गोंधळ थोडा जास्त होतो, आणि त्याचं कारण मला समजतं. भारतात शस्त्र परवाना माणसाच्या नावावर असतो. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त तो देतात आणि हत्यार त्यावर चढवलं जातं. त्या सवयीने एटीएफने मंजूर केलेला नोंदणीचा कागद आपण 'लायसन्स' म्हणून वाचतो, आणि लायसन्स आहे म्हटल्यावर ते सगळीकडे चालेल असं गृहीत धरतो. तो कागद सांगतो इतकंच की ही वस्तू या माणसाच्या नावे नोंदलेली आहे. ती कुठे न्यायची, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

मंजुरी वेळेत आली नाही तर? नोकरी थांबत नाही, घरमालक थांबत नाही. अशा वेळी शस्त्र जुन्या राज्यातच ठेवून पुढे जायची सोय आहे. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येतं, किंवा मित्राच्या घरी अशा बंद पेटीत किंवा खोलीत, जिची किल्ली फक्त मालकाकडे आहे. त्या मित्राजवळ नोंदणीच्या कागदाची प्रत आणि इथे ठेवायला दिल्याचं मालकाचं पत्र असावं. मंजुरी आली की परत येऊन घेऊन जायचं. रायफलची आखूड नळी काढून लांब नळी बसवली म्हणजे अर्ज टळतो, असा सल्लाही मिळेल. आखूड नळी आणि बाकीचे भाग तुमच्याच ताब्यात असतील, तर त्या सल्ल्यावर मी अजिबात भिस्त ठेवणार नाही.

संघराज्याचं काम उरकलं, तरी राज्यांचे नियम शिल्लक राहतात आणि ते साध्या बंदुकांनाही लागू होतात. कॅलिफोर्नियात नव्याने राहायला आलेल्याने ६० दिवसांत आपल्या बंदुका राज्याला कळवायच्या असतात. हवाईत पोहोचल्यापासून ५ दिवसांत नोंदणी करायची. मॅसॅच्युसेट्समध्ये परवानाधारकाला पत्ता बदलल्यावर ते कळवायला ३० दिवस मिळतात.

आणि एक गोष्ट, जी मराठी घरांमध्ये विशेष सांभाळायला हवी. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि बायको अजून तात्पुरत्या व्हिसावर, किंवा याच्या उलट, अशी जोडपी खूप आहेत. एच-१बी, एच-४ सारख्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. नोंदणीकृत शस्त्राच्या बाबतीत तर जोडीदार नागरिक असला, तरी शस्त्र ज्याच्या नावावर आहे त्याच्याच ताब्यात राहायला हवं. म्हणून "मी विमानाने पुढे जातो, तू सामानाबरोबर गाडीने ये" असं ठरत असेल, तर त्या सामानात शस्त्राची पेटी असता कामा नये.