औद्योगिक लोकशाही (वर्क्स कमिटी आणि इंदूरच्या मिल्स)

कारखान्याच्या कारभारात तिथं राबणाऱ्यांनाही बोलायचा हक्क असावा, ही मागणी. निवडणुकीत सरकार बदलू शकणारा माणूस रोज आठ तास नुसता हुकूम ऐकतो, ही विसंगती तिच्या मुळाशी आहे.

भारतात तिचं जुनं रूप म्हणजे वर्क्स कमिटी, म्हणजे मालक आणि कामगार दोघांच्या प्रतिनिधींची कारखान्यातली समिती, आणि ती आली कुठून ह्यावर मतभेद आहेत. काहीजण कामगार परिषदांच्या १९२०च्या जर्मन कायद्याकडे बोट दाखवतात, बाकीचे मालक-कामगारांच्या संयुक्त समित्या सुचवणाऱ्या ब्रिटनच्या व्हिटली समितीकडे (१९१७). जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात १९२०च्या सुमारास आणि मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिल्समध्ये १९२२च्या आसपास अशा कमिट्या झाल्या, पण त्या सल्ल्यापुरत्याच, जर्मनीत मात्र कामगार परिषदेला कायद्याने काही अधिकार होते. शिवाय १९२९मध्ये नेमलेल्या भारतातल्या श्रमविषयक रॉयल कमिशनचे अध्यक्ष तेच जे. एच. व्हिटली होते आणि त्या कमिशननेही वर्क्स कमिट्यांची शिफारस केली, त्यामुळे दुसरं मत जास्त पटतं.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ३ प्रमाणे (हा कायदा २०२५पर्यंत होता) शंभर किंवा जास्त कामगार असले की सरकार कमिटी नेमायला सांगू शकत होतं, त्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्या प्रतिनिधींपेक्षा कमी चालत नसत. पण काम काय, तर सलोखा राखणं! नॉर्थ ब्रूक ज्यूट प्रकरणात (१९६०) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही कमिटी युनियनची जागा घेऊ शकत नाही. १९७६मध्ये ४२व्या घटनादुरुस्तीने कलम ४३क आलं, व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही. जर्मनीत त्याच वर्षी दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात (व्यवस्थापनावर लक्ष ठेवणारं मंडळ) निम्म्या जागा कामगारांकडे गेल्या, फक्त मतांची बरोबरी झाली तर अध्यक्षाचं जादा मत, आणि तो बहुधा भागधारकांकडचा.

इंदूरच्या कपडा मिल्स होळकरांच्या काळातल्या, पुढे त्या मध्यप्रदेश औद्योगिक संबंध कायदा, १९६० खाली आल्या, ज्यात मालकाशी वाटाघाटी मान्यताप्राप्त प्रतिनिधी युनियननेच करायच्या. हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली, हजारो कामगारांची देणी अडकली, आणि २२४ कोटी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडलं, तोवर कित्येकजण गेले होते. इतकी मोठी मिल बंद करताना कमिटीची संमती घ्यायची सक्ती मालकावर नसावी, ही सल्ल्यापुरत्या कमिटीची सगळ्यात मोठी उणीव आहे.