एचआयव्ही आणि अंगावरचं दूध (इंदूर)

एचआयव्ही पॉझिटिव्ह आईने बाळाला अंगावर पाजायचं का, तर भारतात सध्याचं उत्तर असं की आई एआरटीची (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांची) गोळी रोज घेत असेल तर पाजायचं, आणि पहिले ६ महिने फक्त अंगावरचंच. ऐकायला उलटं वाटतं, कारण दुधातून व्हायरस जातो हे खरंच आहे, १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका केसवरून ते पहिल्यांदा समोर आलं. कुठलंच औषध नसेल तर गर्भात, बाळंतपणात आणि दुधातून मिळून १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, त्यातली ५ ते २० नुसत्या दुधातून. गोळ्या नीट चालू असल्या की हा सगळा आकडाच ५ च्या खाली येतो आणि व्हायरल लोड, म्हणजे आईच्या रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, दबलेला असेल तर दुधाचा वाटा एक टक्क्याच्याही आत जातो. शून्य मात्र होत नाही, तेवढं आईला आधीच सांगितलेलं बरं.

इंदूरच्या मराठी घरात गोची होते ती गुटीपाशी. आजी सहाण काढते, वेखंडाचे दोन वेढे, मग हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, बदाम, खारीक, आणि ते चाटण चांदीच्या बोंडल्यातून बाळाच्या तोंडात. आपली गुटी, शेजारच्या आंटीची घुट्टी, प्रकार एकच. त्याआधी जन्मल्याबरोबर मधाचं बोट, बारशाला आलेल्या कुणीतरी सुचवलेलं ग्राइप वॉटर, आणि मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला की "घसा सुकला असेल गं लेकराचा" म्हणून दोन चमचे पाणी. हे सगळं मायेनेच होतं, पण डॉक्टरांच्या हिशोबात हे मिश्र पाजणं झालं, म्हणजे अंगावरचंही आणि वरचंही. वरच्या गोष्टींनी बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि मग दुधातल्या व्हायरसला आत शिरायला वाट मिळते. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या १९९९ च्या अभ्यासात निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा मिश्र पाजलेल्यांत लागण जास्त निघाली होती. पाण्याचं म्हणाल तर आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, उन्हाळ्यातही वेगळं लागत नाही. पण चुकून कुणी गुटी चाटवलीच तर घाबरून अंगावरचं तोडायचं नाही, गोळ्या चालू ठेवून पाजत राहायचं, जागतिक आरोग्य संघटनेचंही २०१६ पासून हेच म्हणणं आहे.

मग सरळ डब्याचं दूधच का नाही? देता येतं, पण मग फक्त तेच, आणि ६ महिने पुरेल इतका पैसा, दर वेळी उकळलेलं पाणी, उकळलेली भांडी, रात्री दोनला उठून करणारं माणूस, असं सगळं हवं. नर्मदेचं पाणी नळाला आलं तरी उकळावं लागतंच. आफ्रिकेतल्या बोत्स्वानात सरकारने डबे फुकट दिले होते, आणि २००६ च्या सुरुवातीला पावसाने पाणी खराब झाल्यावर जुलाबाने गेलेली बाळं बहुतेक डब्याच्या दुधावरची होती. शिवाय बाटली दिसली की प्रश्न सुरू, "का गं, पाजत का नाहीस? दूध येत नाही का?" आणि सासूबाई लगेच अळिवाची खीर, शतावरी, डिंकाचे लाडू घेऊन हजर. घरात फक्त नवऱ्यालाच माहीत असेल तर त्या बाईने उत्तर तरी काय द्यायचं. पाजलं की निदान हे प्रश्न येत नाहीत. लागण होऊ नये म्हणून बाळाला द्यायचं सिरप घरात "ताकदीचं औषध" म्हणून खपून जातं, पण आईची गोळी तांदळाच्या डब्यात लपवावी लागली की कधीतरी चुकते, आणि गोळी चुकणं हेच दुधापेक्षा जास्त धोक्याचं.

आईकडून बाळाला होणारी लागण रोखायचा सरकारी कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला तेव्हा बाळंतपणात आईला आणि नंतर बाळाला नेविरापीन या एचआयव्हीच्या औषधाचा एकेक डोस, एवढंच होतं. २०१४ पासून पॉझिटिव्ह गरोदर बाईला सीडी४ (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असो, जन्मभराची तीन औषधांची एआरटी फुकट मिळते. इंदूरला एमवाय या सरकारी हॉस्पिटलमध्ये एआरटी सेंटर आहे. बाळाला जन्मल्यापासून साधारण ६ आठवडे औषध, धोका जास्त असेल आणि बाळ अंगावर पीत असेल तर १२. स्तनाग्राला चीर पडली, गाठ येऊन ताप आला किंवा बाळाच्या तोंडात पांढरा थर दिसला तर लगेच दाखवायचं, कारण अशा वेळी धोका वाढतो. एका बाजूला चीर असेल तर ती बरी होईपर्यंत त्या बाजूचं पिळून टाकायचं आणि दुसरीकडचं पाजायचं.

सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून कार्डावर रक्ताचे ठिपके घेतात आणि त्यात थेट व्हायरस शोधतात. अँटीबॉडी बघणारी साधी टेस्ट इथे कामाची नाही, आईच्या अँटीबॉडी बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. सहा महिने पूर्ण होऊन उष्टावण झालं की वरणभात, खिमट सुरू, आणि अंगावरचं सोबत चालूच. बाळ निगेटिव्ह असेल तर आपल्याकडे वर्षभर पाजायला सांगतात, पॉझिटिव्ह निघालं तर त्याची स्वतःची एआरटी सुरू करून २ वर्षांपर्यंत. सोडवायचं ते महिनाभर हळूहळू. कडुनिंब लावून एका रात्रीत तोडायची पद्धत इथे नको, एकदम थांबवलं की दूध साचतं आणि त्या दुधातला व्हायरस वाढतो. पाजणं पूर्ण थांबल्यावर पुन्हा तपासणी, आणि शेवटची पक्की टेस्ट १८ व्या महिन्यात, तोवर पोरगं स्वतःच्या पायांनी सेंटरच्या व्हरांड्यात पळत असतं.