टाडा गेला, मोक्का राहिला

कोल्हापुरात मोक्का म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. मटकेवाल्यांच्या टोळीला मोक्का लागला, ही बातमी इथं अंगवळणी पडलेली. पण संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या या राज्य कायद्यातलं सगळ्यात धारदार कलम मटक्यासाठी जन्मलेलं नव्हतं. ते टाडा या केंद्राच्या दहशतवादविरोधी कायद्यातून आलं.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असं १८७२ च्या पुरावा कायद्यानंच ठरवलं होतं. खुद्द इंग्रजांचाही आपल्या पोलिसांवर तेवढा भरवसा नव्हता! इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, पंजाब पेटलेला असताना, १९८५ मध्ये टाडा आला. १९८७ च्या नव्या टाडानं पोलीस अधीक्षकापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरला. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात काही पथ्यं घालून ते कलम वैध ठरवलं. मात्र धरपकड अफाट आणि शिक्षा नगण्य, अशी ओरड वाढत गेली. मे १९९५ मध्ये टाडाची मुदत संपली, ती वाढवली गेली नाही. चार वर्षांनी तोच कबुलीजबाब मोक्कात येऊन बसला.

‘पोटा’ या पुढच्या दहशतवादविरोधी कायद्याची कथा फार वेगळी नाही. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये तो आला, २००४ मध्ये रद्द झाला. पण त्याच वर्षी दहशतवादाचं प्रकरण १९६७ च्या यूएपीए या बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्यात घातलं गेलं. कबुलीजबाबाचं कलम तेवढं घेतलं नाही, हे मान्य करायला हवं. २६/११ नंतर आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढली आणि आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की जामीन नाकारण्याची सोय झाली. २०१९ पासून संघटनेप्रमाणे एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करता येतं.

हा शिक्का कायमचा नसतो, हे आपल्याच जिल्ह्यात दिसतं. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले सात जण पडले. सरकारदरबारी ते खजिना लुटायला आलेले. गारगोटीला ते हुतात्मे. आणीबाणीत मिसा कायद्याखाली खटल्याविना डांबलेले मिसाबंदीही तसेच. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी त्यांना कोर्टाचं दार बंद केलं. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं खोडून काढला तो थेट २०१७ मध्ये. पुढं याच मिसाबंदींना सरकारनं मानधन सुरू केलं.

पण भीती खोटी असते असंही नाही. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरायला गेलेल्या कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. तपास रेंगाळला, तेव्हा तो दहशतवादविरोधी पथकाकडे द्या, अशी मागणी कुटुंबानंच केली आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ती मान्य केली. त्याच खटल्यातल्या सहा आरोपींना जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं जामीन दिला. कारण, वर्षानुवर्षं कोठडी आणि खटला संपायची चिन्हं नाहीत. एकाच खटल्यात दोन्ही बाजूंचं दुखणं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सहा जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. माणूस कोर्टापुढं हजर करा, असा अर्ज करायला स्थानबद्धाच्या घरच्यांना तोवर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठावी लागे.